मालिकेतली साडी नेमकी कोणती? फॅशन-खात्यांची पार्श्वभूमी

सोलापुरात चाटी गल्लीतल्या दुकानात आता ‘इरकल दाखवा’ म्हणण्याआधी मोबाईल पुढे होतो. त्यावर मालिकेतल्या नायिकेचा फोटो, खाली भागाची तारीख आणि साडीचा प्रकार. असे फोटो बऱ्याचदा एखाद्या मालिकेच्या कपड्यांनाच वाहिलेल्या इन्स्टाग्राम खात्यावरून आलेले असतात. ही खाती नवी असली तरी त्यामागची हौस जुनी आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, पडद्यावर रंग आला तो 1982 मध्ये. मधल्या काळात निवेदिकेच्या साडीचा रंग कळायचा प्रश्नच नव्हता. लक्षात राहायचा तो काठ आणि खांद्यावरचा पदर. पुढे 1994 साली ‘हम आपके हैं कौन’मधली जांभळी साडी लग्नसराईत उतरली. 2001 पासून ‘कसौटी जिंदगी की’मधल्या कोमोलिकाच्या टिकल्यांनी बाजार भरला. मराठीत अल्फा मराठी वाहिनी 1999 मध्ये आली, 2004 मध्ये ‘होम मिनिस्टर’ने पैठणी रोज संध्याकाळी घराघरांत नेली. 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’मधलं जान्हवीचं मंगळसूत्र तर सराफांकडे त्याच नावाने मागितलं जायचं. 2014 पासून ‘जय मल्हार’मुळे म्हाळसा आणि बानूच्या दागिन्यांची तशीच मागणी झाली.

या सगळ्यात एक गोष्ट समान होती: वस्तूला नाव द्यायचा तो विकणारा. गिऱ्हाइकाच्या हातात पडताळायला काहीच नव्हतं. दुकानदार म्हणेल ती ‘सिरियलची साडी’.

हे चित्र पालटणारं सर्वांत गाजलेलं खातं अमेरिकेतलं. ‘सेक्स अँड द सिटी’ ही मालिका 1998 ते 2004 या काळात चालली. तिची वेशभूषा पॅट्रिशिया फील्ड यांची. मालिका संपून 12 वर्षांनी, 2016 मध्ये, चेल्सी फेअरलेस आणि लॉरेन गॅरोनी यांनी तिच्यातला प्रत्येक पोशाख टिपणारं खातं उघडलं. त्यांनी कौतुक केलं तसं फसलेल्या पोशाखांवरही मोकळेपणाने लिहिलं. विकणाऱ्याच्या जागी जाणकार प्रेक्षक आला, हा खरा बदल.

साडीच्या बाबतीत तंत्राचाही मोठा हात आहे. इन्स्टाग्रामवर ऑगस्ट 2015 पर्यंत फोटो चौकोनीच टाकता यायचा. चौकोनात निऱ्या तरी कापल्या जात, नाहीतर डोकं. उभा फोटो आला तेव्हा काठ पायापर्यंत दिसू लागला. फेब्रुवारी 2017 पासून एका पोस्टमध्ये 10 फोटो बसू लागले, म्हणजे पूर्ण साडी, पदर, काठ, ब्लाउज वेगवेगळे दाखवता आले. त्याच सुमारास मराठी वाहिन्याही एचडीत आल्या, आणि बुट्टी नि वीण यांतला फरक ओळखू येऊ लागला.

तरीही ओळख चुकते, आणि पहिली चूक रंगात होते. प्रोमो मूळ भागापेक्षा भडक केलेला असतो; पूर्वस्मृतीच्या प्रसंगावर पिवळट छटा असते; धूपछाव साडी तर मान वळवली की रंग बदलते. म्हणून आधी काठ, मग पदर, मग अंगावरची बुट्टी किंवा चौकडी, आणि रंग सर्वांत शेवटी. इरकलीची बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरल्यासारखी दिसते, कारण धाग्यांच्या रेषा आणि कॅमेऱ्यातल्या बिंदूंच्या रेषा एकमेकींत अडकतात. अशा फ्रेमवरून चौकडीचा आकार ठरवू नये. ओटीटीच्या ॲपवर स्क्रीनशॉट बहुधा काळा येतो, म्हणून खाती वाहिनीने स्वतः टाकलेल्या फोटोंवर अवलंबून असतात. त्यात पात्र स्थिर उभं असलेला फोटो निवडावा.

इरकल खरी की नक्कल, हे पदरावर ओळखावं. इरकल जिथली, त्या कर्नाटकातल्या इलकलच्या जुन्या पद्धतीत पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. याला टोपे-तेणी म्हणतात. पदरात ताणाही लाल आणि बाणाही (आडवे धागे) लाल, म्हणून लाल भरीव दिसतो आणि पांढरे पट्टे स्वच्छ उठतात. सलग ताण्यावर काढलेल्या यंत्रमागाच्या नकलेत अंगाचा हिरवा किंवा निळा ताणा पदरातही जातो; तिथला लाल मळकट होतो. पदर खांद्यावर नीट पसरलेला एक फोटो मिळाला तर हा फरक पडद्यावरही दिसतो. पैठणीचं मात्र तसं नाही. हातमागाची पैठणी मागून पाहिली की कळते, यंत्राच्या पैठणीला मागे सुटे धागे असतात, आणि मालिकेत मागची बाजू कुणी दाखवत नाही. तिथे ‘पैठणी नक्षीची साडी’ एवढंच लिहिणं प्रामाणिक. खणाची साडीही तपासून घ्यावी: कर्नाटकातल्याच गुळेदगुड्डचा खण मूळचा चोळीचा, कमी पन्ह्याचा, अख्खी साडी हा अलीकडचा प्रकार, आणि नुसत्या छापील नक्षीलाही बाजारात खणच म्हणतात.

दैनंदिन मालिकेत कथेतला एक दिवस आठवडाभर चालतो, तेव्हा एकच साडी सलग पाच-सहा भागांत दिसते. पहिल्या भागाची तारीख नोंदवली की गोंधळ होत नाही. महिन्याभराने तीच साडी दुसऱ्या ब्लाउजवर परत येते. ती नवी साडी म्हणून टाकली की दुकानात शोधणारीची विनाकारण फरफट होते. श्रेयनामावलीत वेशभूषाकाराचं नाव असतं, कधी साड्या देणाऱ्या दुकानाचे आभारही असतात. ओटीटीवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो आणि ती पाटी निसटते, म्हणून तिथे थांबून वाचायलाच हवं. ते नाव पोस्टमध्ये द्यायलाच हवं.

खातं वाढलं की दुकानं साड्या पाठवू लागतात. जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार 14 जून 2021 पासून अशा पोस्टवर जाहिरात असल्याचं ठळक लिहावं लागतं, आणि फुकट मिळालेली साडीही त्यात मोडते. हे लिहिलं नाही, तर नाव देण्याचं काम पुन्हा विकणाऱ्याकडेच जातं, आणि इलकलच्या विणकराची इरकल एखाद्या नायिकेच्या नावाने, तिच्या नकलेच्याच शेजारी, त्याच भावात मांडली जाते.