पंपाखालचं ते भोक बुजवू नका

आमच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या वॉटर पंपाला, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणाऱ्या पंपाला, खालच्या बाजूनं एक भोक आहे, आगपेटीची काडी जाईल एवढं. उन्हाळ्यात तिथून थेंब टपकायला लागले. सकाळी गाडी हलवली की फरशीवर रुपयाएवढा हिरवट डाग. एका मेकॅनिकनं बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "लांबी (पुट्टी) भरून टाकू, गळायचं बंद होईल."

बंद झालंही असतं. पण ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं!

पंपाच्या शाफ्टचं एक टोक पाण्यात असतं, तिथे पाणी ढकलणारी चक्री बसवलेली असते. दुसऱ्या टोकाला फॅन बेल्टची पुली. मधे बेअरिंग. मिनिटाला हजारो वेळा फिरणाऱ्या शाफ्टच्या कडेनं पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून सील लागतं. त्यात साधारणपणे कार्बनची एक गुळगुळीत कडी दुसऱ्या तितक्याच गुळगुळीत, बहुतेकदा सिरॅमिकच्या कडीवर स्प्रिंगनं दाबून धरलेली असते. दोन्हींच्या मधे केसाहूनही कितीतरी पातळ असा पाण्याचा थर राहतो. तोच थर त्यांना वंगण देतो आणि थंडही ठेवतो. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं, की क्षार आणि गंजाचे कण या कड्यांमध्ये शिरतात आणि त्यांना ओरखडे पाडतात.

सीलमधून निसटलेलं पाणी बेअरिंगला लागण्याआधीच बाहेर पडावं, म्हणून दोघांच्या मधोमध ते भोक. ते बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि शाफ्ट डुलायला लागतो. पद्मिनी आणि अँबॅसडरमध्ये रेडिएटरमागचा पंखा याच शाफ्टवर बसवलेला असतो. तो डुलला की पाती थेट रेडिएटरला लागू शकतात. म्हणून इंजिन बंद आणि गार असताना पंखा धरून पुढेमागे हलवून बघा. खडखडला, तर तो पंप घेऊन लांबचा प्रवास करू नका.

थेंब थेंब पाणी तर जातंय, वरून ओतत राहू, असं पुष्कळ जण म्हणतात. पण पाण्याबरोबर दाबही जातो, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. प्रेशर कॅपच्या, म्हणजे रेडिएटरला दाब धरून ठेवणारं झाकण असलेल्या गाडीत साधारण एक वातावरणाएवढा जादा दाब टिकला, तर साधं पाणीसुद्धा 120 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. गळतीमुळे दाब धरला नाही, तर समुद्रसपाटीला ते 100 अंशांना उकळतं आणि महाबळेश्वरच्या उंचीवर 95-96 अंशांनाच. म्हणजे घाटात इंजिन सर्वांत जास्त तापतं, नेमकं तिथेच पाणी लवकर उकळतं. वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी ओढून घेत नाही. त्यातून ब्लॉक (इंजिनाचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड (त्यावर बसणारा भाग) ॲल्युमिनियमचं असेल, तर तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेड वाकतं, दोघांच्या मधलं गॅसकेट जातं.

तापमानाचा काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका: दाब सुटताच आतलं पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, तडा जाऊ शकतो.

आणि तो हिरवट डाग भरपूर पाण्यानं धुवून टाका. बहुतेक कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवात) एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

आमचा पंप शेवटी नवा सील आणि बेअरिंग घालून बसवला. जुन्या सीलची कार्बनची कडी मी उन्हात धरून पाहिली. काळ्या, आरशासारख्या कडेवर एकच चरी होती, नखाला जेमतेम लागेल एवढी.