गूळ खाल्ल्याने जंत होतात का?

"गोड जास्त खाल्लं की पोटात जंत होतात." सांगली-साताऱ्याकडे काकवीच्या वाटीकडे हात गेला की पोराला हे ऐकावंच लागतं. समज रुजला त्याला कारणही आहे: जंतांचा त्रास मुलांना जास्त आणि गोडही तीच जास्त खातात. पण तीच मुलं मातीत खेळतात, हात तोंडात घालतात. खरी वाट ही आहे.

जंत गुळात तयार होत नाहीत, अंड्यांतून येतात. गोल जंताची मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे मातीत पडतात, काही आठवडे तिथे मुरतात आणि न धुतलेल्या भाजीतून, नखांतून पोटात जातात. अंकुशकृमी या दुसऱ्या जंताची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. उसाच्या सरीत, हळदीच्या रानात राबणाऱ्यांना हे सांगायलाच हवं. ज्याने गोड कधी चाखलं नाही, त्यालाही ती सोडत नाही.

खात्री करायची तर शौचाची तपासणी करा, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. औषध सहसा अल्बेंडेझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी, 1 ते 2 वर्षांच्या बाळाला निम्मी. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गोळी आतले जंत मारते, पुढची लागण रोखत नाही. त्यासाठी रानात जाताना पायात चप्पल, शौचाला संडास, जेवणाआधी साबण आणि कापलेली नखं.