हिंदू कोणाला म्हणावे? एका व्याख्येमागचा इतिहास

सत्यनारायणाची पूजा असो वा गणपतीची प्रतिष्ठापना, यजमान उजव्या हाताच्या तळव्यावर पळीभर पाणी घेतो आणि गुरुजी संकल्प सांगू लागतात. ब्रह्मदेवाचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा प्रथम चरण अशी काळाची मोजणी होते. मग जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर असे स्थळ सांगितले जाते. शेवटी शके, संवत्सर, तिथी, नक्षत्र, गोत्र आणि नाव येते, आणि ‘श्रुतिस्मृतिपुराणोक्त’ फलाच्या प्राप्तीसाठी मी हे कर्म ‘करिष्ये’, म्हणजे करीन, असे म्हणून ताम्हनात उदक सोडले जाते. विश्वाच्या आरंभापासून आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडणाऱ्या या लांबलचक उच्चारात ‘हिंदू’ हा शब्द एकदाही येत नाही. ‘मी अमुक मानतो’ असे विधानही त्यात नाही. आहे ते फक्त काय करणार याचे वचन.

हिंदू धर्माची मूळ तत्त्वे कोणती, या प्रश्नाला आज जी उत्तरे दिली जातात, त्यांच्या मागचा इतिहास समजून घ्यायचा तर या वस्तुस्थितीपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. परंपरेच्या आत राहणाऱ्या माणसाला आपली व्याख्या करण्याची गरज फारशी पडली नाही. ती पडली ती एखाद्या दारापाशी: कधी देवळाच्या, कधी जनगणनेच्या, कधी न्यायालयाच्या.

शब्द तर मुळात नदीचा आहे. ऋग्वेदातील ‘सप्त सिंधू’ अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘हप्त हेंदु’ होतात; इराणी उच्चारात ‘स’चा ‘ह’ होतो. इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेल्या पहिल्या दारयवौश (डरायस) या इराणी सम्राटाच्या शिलालेखांत ‘हिदुश’ हा त्याच्या साम्राज्याचा एक प्रांत आहे, कोणाचा धर्म नव्हे. ग्रीकांनी त्याचेच ‘इंडोस’ केले. पुढे सिंधूपलीकडचे लोक ते हिंदू, आणि त्यांतही जे मुसलमान नाहीत ते हिंदू, असा अर्थ हळूहळू स्थिरावला. चौदाव्या शतकापासून विजयनगरच्या राजांच्या लेखांत ‘हिंदुरायसुरत्राण’ (हिंदू राजांतला सुलतान) अशी बिरुदावली येते, म्हणजे तोवर हा शब्द आपल्याकडच्या राजांनी स्वतःसाठी स्वीकारलेला दिसतो. सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या आचारातील विसंगतींवर कडाडून बोट ठेवतात आणि अखेरीस एकमेकांना आलिंगन देतात. या रचनेत ‘हिंदू’ ही धार्मिक ओळख आहे हे स्पष्टच आहे. मात्र ती ओळख समोर दुसरा कोणी उभा राहिला तेव्हा उच्चारली गेली, हेही तितकेच स्पष्ट आहे.

नाव असे बाहेरून आले, पण आशय आतला आहे आणि फार जुना आहे. कर्म आणि पुनर्जन्म या दोन कल्पना हिंदू विचाराचा कणा मानल्या जातात; तरी ऋग्वेदाच्या सूक्तांत त्या आजच्या रूपात आढळत नाहीत. त्या स्पष्ट होतात उपनिषदांत, आणि तेही काहीशा संकोचाने. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो की, माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत, प्राण वायूत, डोळे सूर्यात, शरीर पृथ्वीत विलीन झाले, की तो माणूस राहतो कोठे? याज्ञवल्क्य भर सभेत उत्तर देत नाही. ‘हात दे तुझा,’ असे म्हणून तो त्याला बाजूला नेतो, कारण ही गोष्ट चारचौघांत बोलण्यासारखी नाही. दोघे एकांतात जे बोलले ते कर्माविषयीच बोलले, असे उपनिषद सांगते: पुण्य कर्माने माणूस पुण्यवान होतो, पापाने पापी. आज गावातला कोणीही माणूस सहज ‘ज्याचे त्याचे कर्म’ म्हणून मोकळा होतो, ती कल्पना एके काळी हात धरून, आडोशाला नेऊन सांगण्याची होती. छांदोग्यात तर पुनर्जन्माच्या मार्गांची विद्या उद्दालक आरुणीला प्रवाहण जैवली नावाचा राजा शिकवतो, आणि तुझ्या आधी ती ब्राह्मणांकडे गेलेली नव्हती, असेही सांगतो. ज्याला आपण सनातन म्हणतो, त्याच्या पोटात नव्याने शिकण्याच्या अशा जागा आहेत, आणि त्या ग्रंथांनी लपवलेल्या नाहीत.

ईश्वराबाबतही हेच. ‘आस्तिक’ म्हणजे देव मानणारा, हा आजचा रूढ अर्थ. शास्त्रीय परंपरेत मात्र वेदांचे प्रामाण्य मानतो तो आस्तिक. मनुस्मृती ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असे नि:संदिग्धपणे म्हणते. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. सांख्य दर्शनाला जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही, पूर्वमीमांसकांना तर यज्ञाच्या फलासाठीही ईश्वराची गरज भासत नाही, आणि तरी ही दोन्ही दर्शने आस्तिक गणली जातात. म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा ही या धर्माची प्रवेश-अट कधीच नव्हती. अट होती ती वेदांविषयीच्या आदराची, आणि सगळी अडचण नेमकी तेथेच होती.

कारण वेद प्रमाण मानावेत, पण ऐकू नयेत, अशी स्थिती शूद्रांवर आणि स्त्रियांवर लादलेली होती. मराठीत ही अडचण सर्वांत नेमकेपणाने सांगितली ती ज्ञानेश्वरांनी. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते म्हणतात की वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. तो उणेपणा फेडण्यासाठी वेदच गीतेच्या रूपाने सर्वांना मोकळा झाला, अशी त्यांची मांडणी आहे. वेदाचा आदर जराही न सोडता वेदाच्या पहारेकऱ्यांना बाजूला सारण्याची ही रीत पुढे साऱ्या वारकरी परंपरेची झाली. ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वाहावा भार माथां’ हे तुकोबांचे वचन त्याच धारेतले आहे. मात्र ओवीत दार उघडले म्हणून देवळाचे उघडले नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. ज्याचे अभंग मंदिरात गायले जात, तो स्वतः जिथवर जाऊ शकला ती ही जागा.

व्याख्येचा प्रश्न आधुनिक अर्थाने उभा राहिला तो इंग्रजी अमलात. जनगणनेच्या तक्त्यात धर्माचा एक रकाना होता आणि त्यात एकच शब्द लिहायचा होता. ज्याच्या देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीचे टाक, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा शेजारी शेजारी बसलेले असत, आणि जो पिराच्या उरुसालाही नारळ ठेवी, त्याने काय सांगावे? १९११ च्या जनगणनेपूर्वी आयुक्त गेट यांनी काही कसोट्या सुचवल्या: ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणारे, वेदांचे प्रामाण्य नाकारणारे, मोठ्या हिंदू देवतांची पूजा न करणारे, ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नाही असे, यांची वेगळी नोंद करून पाहावी. या कसोट्यांनी वादळ उठले, आणि ते साहजिक होते, कारण हिंदूंची संख्या हा तोवर राजकारणाचा विषय झालेला होता. पण त्या कसोट्यांनी एक उघडे सत्यही कागदावर आणले: ज्यांना देवळात येऊ दिले जात नव्हते, त्यांनाच मोजताना मात्र आपले म्हटले जात होते.

लोकमान्य टिळकांची व्याख्या या काळातली आहे:

प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता ।
उपास्यानामनियमः एतद्धर्मस्य लक्षणम् ॥

वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता, आणि उपास्यांचा अनियम. तिसरे पद काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. ‘अनियम’ म्हणजे देव पुष्कळ आहेत असे नव्हे; अमुकाचीच उपासना केली पाहिजे असा नियम नाही, एवढेच. कोणी एकाला भजावे, कोणी पाचांना, कोणी निराकाराला, कोणी कुलदैवताला. माझ्या मते या श्लोकाचे सामर्थ्य ‘अनेकता’ आणि ‘अनियम’ या दोन शब्दांत आहे, आणि त्याची मर्यादा पहिल्या चरणात आहे, कारण ज्ञानेश्वरांनी दाखवलेला कृपणपणा तेथे तसाच उरतो. सावरकरांनी १९२३ मध्ये केलेली व्याख्या वेदांना वगळून पितृभू (पूर्वजांची भूमी) आणि पुण्यभू (पवित्र भूमी) यांवर उभी राहिली; ती धर्माची नव्हे, तर समाजाच्या आणि राष्ट्राच्या ओळखीची व्याख्या होती, आणि तिचा रोख निराळा होता.

देवळाच्या दाराशी मात्र झगडा चालूच होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा झाला.

आणि या कायद्यामुळेच व्याख्येचा प्रश्न न्यायालयात गेला. अहमदाबादच्या स्वामीनारायण मंदिरात दलित प्रवेश करणार असे कळताच जानेवारी १९४८ मध्ये सत्संगी, म्हणजे स्वामीनारायण संप्रदायाच्या काही अनुयायांनी दावा लावला. आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून हिंदू मंदिरांचा कायदा आमच्या मंदिराला लागू नाही, असा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. अस्पृश्याला आत घेण्यापेक्षा स्वतःच हिंदू धर्माबाहेर पडण्याची ही तयारी वाचताना आजही मन खिन्न होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९५८ मध्ये हा दावा फेटाळला, आणि १४ जानेवारी १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. ते साताऱ्याचे, संस्कृत विद्येचा वारसा असलेल्या घरातले.

सत्संगी हिंदू आहेत की नाहीत हे ठरवायचे तर हिंदू धर्म म्हणजे काय हे आधी सांगणे भाग होते. गजेंद्रगडकरांनी मान्य केले की या धर्माला एकच प्रेषित नाही, एकच देव नाही, एकच मत किंवा एकच विधी नाही. ढोबळपणे त्याला एक जीवनपद्धती म्हणता येईल. उपनिषदांपासून बुद्ध, महावीर, बसव, ज्ञानेश्वर, तुकाराम, नानक, चैतन्य, रामकृष्ण अशा सुधारकांची मालिका त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली आणि शेवटी टिळकांचे सूत्र पुरेसे व समाधानकारक मानले. निकालाच्या इंग्रजी रूपात ‘अनियमा’चा अर्थ उपास्यांची संख्या मोठी असा झाला; मूळ संस्कृतातली सूक्ष्मता तेथे निसटली, असे म्हणावे लागते. मात्र निष्कर्ष खणखणीत होता. सत्संगी हिंदूच आहेत, मंदिर सर्वांना खुले आहे, आणि दावा करणाऱ्यांची भीती अंधश्रद्धेतून, अज्ञानातून व खुद्द स्वामीनारायणांच्या शिकवणीविषयीच्या गैरसमजातून आली आहे, असे न्यायालयाने म्हटले. गेट यांच्या काळात जी व्याख्या मोजणीसाठी शोधली जात होती, ती येथे कुलूप उघडण्यासाठी वापरली गेली. टिळकांच्या श्लोकाला मिळालेला हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कायद्याने मात्र वेगळीच वाट धरलेली होती. १९५५ चा हिंदू विवाह कायदा श्रद्धेची एकही कसोटी लावत नाही. वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो समाज, प्रार्थना समाज, आर्य समाज यांची नावे घेऊन तो त्यांना हिंदूंत धरतो. बौद्ध, जैन, शीख यांना स्वतंत्र धर्म म्हणून नोंदवून तोच कायदा त्यांनाही लागू करतो. आणि याखेरीज जो कोणी मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा यहुदी नाही, त्यालाही सर्वसाधारणपणे सामावून घेतो. कायद्याची ही व्याप्ती म्हणजे श्रद्धेची ओळख नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत ज्या लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांनी स्वतःची ओळख बावीस प्रतिज्ञांत आपल्या शब्दांत सांगितली आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

पंढरपुरात आजही वारकरी महाद्वारी पोहोचतो तेव्हा आधी चोखोबांच्या समाधीपुढे वाकतो, नामदेव पायरीला हात लावून तो कपाळाला लावतो, आणि मग आत जातो.