एएफसी चॅम्पियन्स लीग, २०२१

आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) क्लबांसाठीच्या सर्वोच्च स्पर्धेचा चाळिसावा हंगाम. ही स्पर्धा १९६७ मध्ये सुरू झाली आणि तिला ‘चॅम्पियन्स लीग’ हे नाव मिळाल्यानंतरचा हा एकोणिसावा हंगाम होता. सौदी अरेबियाच्या अल हिलालने २३ नोव्हेंबर २०२१ रोजी रियाधमध्ये दक्षिण कोरियाच्या पोहांग स्टीलर्सला २-० असे हरवून चौथ्यांदा विजेतेपद मिळवले. भारतीय वाचकाच्या लेखी मात्र हा हंगाम एप्रिलमध्ये मडगावला खेळला गेला. एफसी गोवाच्या रूपाने भारतीय क्लब या स्पर्धेच्या गटफेरीत प्रथमच उतरला, तोही स्वतःच्या मैदानावर, आणि ते पाहायला मैदानात कोणालाच जाता आले नाही.

स्पर्धेची रचना

या हंगामापासून गटफेरीतील संघ बत्तिसावरून चाळीस झाले. पश्चिम आणि पूर्व अशा दोन विभागांत चार-चार संघांचे पाच गट पडले. प्रत्येक गटाचा विजेता आणि दोन्ही विभागांतील दुसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम तीन संघ पुढे जाणार होते. एरवी प्रत्येक क्लब निम्मे सामने घरी आणि निम्मे परक्या शहरात खेळतो. कोविडमुळे ते शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक गटाचे सगळे बारा सामने एकाच शहरात उरकायचे ठरले. पश्चिमेचे गट १४ ते ३० एप्रिलदरम्यान रियाध, जेद्दा, शारजा आणि गोव्यात खेळले. पूर्वेचे जूनअखेर ते जुलै या काळात थायलंड आणि ताश्कंदमध्ये.

पूर्वेकडची परिस्थिती विस्कळीतच होती. ऑस्ट्रेलियाच्या क्लबांनी माघार घेतली. चीनच्या साखळी स्पर्धेचा विजेता जिआंगसू क्लब फेब्रुवारीतच बंद पडला. उरलेल्या चिनी क्लबांनी मुख्य संघ मायदेशी ठेवून राखीव आणि कुमार खेळाडू पाठवले. त्यामुळे फिलिपिन्सच्या काया क्लबकडून शांघाय पोर्टचा पात्रता सामन्यातच पराभव झाला, आणि दोनदा आशिया जिंकलेल्या ग्वांगझूने गटातले सहाही सामने गमावले. त्या गटांचे निकाल वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

गोव्याला जागा कशी मिळाली

डेम्पो, पुणे एफसी यांसारखे भारतीय क्लब पूर्वी पात्रता फेरीच्या उंबरठ्यावरूनच परत आले होते. स्पर्धेचा विस्तार झाला तेव्हा भारताच्या वाट्याला गटफेरीची एक थेट जागा आली. ती इंडियन सुपर लीगची (आयएसएल) अंतिम लढत जिंकणाऱ्याला नव्हे, तर साखळीत अव्वल राहणाऱ्याला द्यायची असे ठरले. २०१९-२० च्या साखळीत एफसी गोवा अव्वल होता. त्या हंगामात साखळी संपण्याआधीच प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना क्लबने निरोप दिला होता आणि उरलेले काम गोव्याचाच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा याने तडीस नेले होते. एप्रिल २०२१ मध्ये संघ हुआन फेरांदो यांच्या हाती होता.

२०२०-२१ ची संपूर्ण आयएसएल मडगावचे फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी बंद दाराआड खेळवली गेली होती. खेळाडूंना हॉटेलात कोंडून, चाचण्या करत स्पर्धा पार पाडायची सवय गोव्याला होऊन गेली होती. ‘ई’ गटाचे यजमानपद मिळताना हा अनुभव कामी आला.

संघनिवडीत मात्र एक पेच होता. आयएसएलमध्ये तेव्हा पाच परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरू शकत. आशियाई स्पर्धेत तीन परदेशी आणि चौथा आशियाई महासंघाच्या देशातला, एवढीच मुभा. ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात मोडतो, म्हणून जेम्स डोनाकी ‘आशियाई’ म्हणून बसला. नकाशात न बसणारे हे गणित कागदावर चोख बसते. एदू बेदिया, इव्हान गोन्झालेझ आणि होर्हे ऑर्तिझ हे तिघे स्पॅनिश राहिले, आणि आयएसएलमध्ये चौदा गोल करून सुवर्णबूट मिळवलेला इगोर अंगुलो यादीबाहेर गेला. सहा सामन्यांत गोव्याचे दोनच गोल झाले, तेव्हा या निर्णयाची आठवण अनेकांना झाली. बचाव भक्कम करायचा तर आघाडीवर उसनवारी करावी लागणार, हे फेरांदो यांना ठाऊक असणारच.

फातोर्ड्याचे सोळा दिवस

गटात इराणचा पर्सेपोलिस (२०१८ आणि २०२० चा उपविजेता), कतारचा अल रय्यान आणि अबू धाबीचा अल वहदा होते. अल रय्यानचे प्रशिक्षक लॉराँ ब्लाँ, म्हणजे १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सचे बचावपटू. अल वहदाकडे हॉलंडचे हेंक टेन काते. सामने फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, रात्री. १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या या मैदानात एकोणीसेक हजार माणसे बसतात. त्या एप्रिलमध्ये तिथे दिव्यांचा झगझगाट होता आणि खुर्च्या रिकाम्या. प्रशिक्षकांची हाक, गोलरक्षकाचे ओरडणे, चेंडूला लागलेल्या लाथेचा आवाज, सगळे टीव्हीवर स्पष्ट ऐकू येई. ज्या गावात संतोष करंडकापासून वाड्यावाड्यांच्या स्पर्धांपर्यंत कशालाही गर्दी होते, तिथले लोक मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहून सामना पडद्यावर पाहत होते.

१४ एप्रिलला अल रय्यानविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि भारतीय क्लबला या स्पर्धेच्या गटफेरीतला पहिला गुण मिळाला. गोलरक्षक होता मणिपूरचा धीरज सिंग, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे गोलजाळे राखलेला. तीन दिवसांनी अल वहदाविरुद्धही ०-०. दोन सामने, दोन गुण, एकही गोल खाल्लेला नाही. समोरच्या संघांची खेळाडूंवरची गुंतवणूक पाहता हे कोणी धरून चालले नव्हते.

२० एप्रिलला पर्सेपोलिससमोर चौदाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने फ्री किक घेतली. चेंडू गोलसमोरच्या गर्दीवर वळून आला, कर्णधार बेदियाने त्याला डोक्याने जेमतेम दिशा दिली आणि तो आत गेला. गटफेरीतला भारतीय क्लबचा हा पहिला गोल; पास मडगावच्या पोराचा, डोके स्पॅनिश माणसाचे. आघाडी चार मिनिटे टिकली. मेहदी तोराबीने पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि चोविसाव्या मिनिटाला एकोणचाळीस वर्षांच्या जलाल हुसैनीने पर्सेपोलिसला पुढे नेले. २-१ हाच शेवटचा निकाल. तीन दिवसांनी त्याच संघाने गोव्याला ४-० असे झोडपले, तेव्हा दोन्ही संघांतले खरे अंतर उघडे पडले. पर्सेपोलिस घाईत दिसत नव्हता; चेंडू कुठे जाणार हे त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखे ते धावत होते.

२६ एप्रिलचा अल रय्यानविरुद्धचा परतीचा सामना सर्वांत हळहळ लावणारा. तिसऱ्याच मिनिटाला ऑर्तिझने गोल केला. त्यानंतर जवळजवळ दीड तास गोव्याने तो जपला. ८९ व्या मिनिटाला अली फरिदूनने बरोबरी साधली. दोन-तीन मिनिटे निभावली असती तर या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिला विजय फातोर्ड्याच्या नावावर लागला असता.

तोवर बाहेर कोविडची दुसरी लाट भरात आली होती. गोवा सरकारने २९ एप्रिलच्या संध्याकाळपासून टाळेबंदी जाहीर केली. त्याच रात्री गोव्याचा शेवटचा सामना होता; अल वहदाने तो २-० असा जिंकला. पर्सेपोलिस १५ गुणांसह गटात पहिला, अल वहदा १३ गुणांसह दुसरा, तीन बरोबरींच्या तीन गुणांवर गोवा तिसरा आणि ब्लाँ यांचा अल रय्यान दोन गुणांवर शेवटचा.

अल हिलालची वाट

विजेत्याची गटफेरी विजेत्यासारखी नव्हती. रियाधमध्येच, म्हणजे घरच्या शहरात, ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोलने अल हिलालला ४-१ असे हरवले आणि गटात पहिला क्रमांकही पटकावला. अल हिलाल शेवटचा सामनाही हरला. दुसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्तम तिघांत अल वहदा आणि इराणचा ट्रॅक्टर क्लब यांच्यासोबत कसाबसा सामावला. क्लबने मधल्या काळात प्रशिक्षक बदलले आणि बाद फेरीपर्यंत पोर्तुगालचे लिओनार्दो जार्दिम आले.

बाद फेरीची प्रत्येक लढत एकाच सामन्याची होती. सप्टेंबरमध्ये अल हिलालने दुबईत इराणच्या एस्तेघलालला २-० असे हरवले. ऑक्टोबरमध्ये पश्चिमेचे पुढचे सामने रियाधमध्ये झाले. तिथे उपांत्यपूर्व फेरीत पर्सेपोलिसला ३-० आणि उपांत्य फेरीत शहरातलाच वैरी अल नस्र याला २-१.

पूर्वेकडे गतविजेता उल्सान गटातले सहाही सामने जिंकून आला होता. त्याने कावासाकी फ्रोंताले संघाला गोलशून्य सामन्यानंतर पेनल्टींवर आणि जेओन्बुकला ज्यादा वेळेत ३-२ असे गारद केले. उपांत्य फेरीत गाठ पडली पोहांगशी. दोन्ही शहरे कोरियाच्या आग्नेय किनाऱ्यावर शेजारीशेजारी, एक जहाजबांधणी आणि मोटारींचे, दुसरे पोलादाचे. त्यांच्या लढतीला कोरियात मोठा मान आहे. उल्सान आघाडीवर होता, पण एक खेळाडू लाल कार्डामुळे गमावून बसला होता. ८९ व्या मिनिटाला अलेक्स ग्रँटच्या हेडरने पोहांगने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर ५-४ अशी बाजी मारली. गटात दुसरा आलेला आणखी एक संघ अशा रीतीने अंतिम फेरीत पोचला.

अंतिम सामना

किंग फहद स्टेडियमवर पन्नास हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. सामना सुरू होऊन वीसेक सेकंद झाली असतील-नसतील, नासर अल दौसरीने लांबून डाव्या पायाने मारलेला फटका जाळ्यात गेला. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला हा सर्वांत जलद गोल. अनेकजण तेव्हा अजून आपली खुर्ची शोधत असणार. पोहांगने त्यानंतर बरेच प्रयत्न केले, पण ६३ व्या मिनिटाला बाफेतिंबी गोमिसच्या पासवर मूसा मारेगाने दुसरा गोल केला आणि सामना संपल्यात जमा झाला. १९९१, २००० आणि २०१९ नंतरचे हे चौथे विजेतेपद मिळवून अल हिलाल तीन वेळा जिंकलेल्या पोहांगच्या पुढे गेला. सालेम अल दौसरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्वाधिक, नऊ गोल केनियाच्या मायकेल ओलुंगाने कतारच्या अल दुहैलकडून केले.

नंतरचे

गोव्याच्या हातून निसटलेला पहिला विजय वर्षभरात मुंबईला मिळाला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या अल कुवा अल जवियाला २-१ असे हरवले. निर्णायक गोल हेडरवर केला तो मुंबईच्याच राहुल भेकेने. मुंबई सिटी गटात दुसरी आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द अल हिलाल नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येऊन २-० असा जिंकून गेला. नेमार दुखापतीमुळे आला नाही, तरी लोक आले.

फातोर्ड्यात मोठा आशियाई क्लब पुन्हा आला तो २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, दुय्यम दर्जाच्या ‘चॅम्पियन्स लीग टू’ मध्ये. पाहुणा अल नस्र, आणि रोनाल्डो त्यांच्यासोबत नव्हता. गोवा १-२ असा हरला. गोव्याचा गोल केला ब्रायसन फर्नांडिसने, आणि या खेपेला तो पाहायला माणसे स्टँडमध्ये होती.