गृहश्रवण यंत्रणा (निवड व जुळणी)

गृहश्रवण यंत्रणा : घरातील खोलीत ध्वनिमुद्रित संगीत ऐकण्यासाठी एकत्र जुळवलेला स्पीकर, सबवूफर (फक्त खर्ज, म्हणजे खालच्या कंप्रतेचा ध्वनी, देणारी वेगळी पेटी) व अ‍ॅम्प्लिफायर यांचा संच. प्रस्तुत नोंदीत संचाची निवड आणि तो खोलीत मांडल्यानंतरची जुळणी एवढाच विषय घेतला आहे. या तीन घटकांच्या जोडीला चौथा घटक खोलीचा. कोणत्याही माहितीपत्रकात तिचा उल्लेख नसतो, तरीही सु. २०० हर्ट्‌झच्या खाली कानावर काय पडणार हे मुख्यतः तीच ठरवते. म्हणून निवडीचा विचार खोलीपासून सुरू करून स्पीकर, सबवूफर आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर या क्रमाने करावा. व्यवहारात बहुधा उलट्या क्रमाने खरेदी होते आणि पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच असते.

इतिहास : चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला की वेटोळे हलते, या तत्त्वावर आजचे बहुतेक स्पीकर चालतात. त्याच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. एर्न्स्ट व्हेर्नर सीमेन्स यांनी १८७४ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले, पण तिचा उपयोग श्राव्य ध्वनीसाठी केला नाही. ऑलिव्हर लॉज यांच्या १८९८ च्या पेटंटात ध्वनीचा हेतू स्पष्ट आहे. मात्र संकेत वाढवणारी निर्वात नलिका तेव्हा उपलब्ध नव्हती. पीटर जेन्सन व एडविन प्रिडम यांनी १९१५ च्या सुमारास कर्णा जोडलेल्या उपकरणाची जाहीर प्रात्यक्षिके केली. तथापि घरातील स्पीकरचा खरा आरंभ चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांच्या १९२५ च्या निबंधापासून मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शंकूचे (वेटोळ्याला जोडलेल्या, हवा हलवणाऱ्या भागाचे) नैसर्गिक अनुस्पंदन (ज्या कंप्रतेला तो आपोआप सर्वाधिक हलतो ती) वापराच्या पट्ट्याच्या खाली ठेवले, तर त्यावरच्या विस्तृत पट्ट्यात ध्वनीची पातळी जवळजवळ समान राहते, हे त्यांनी दाखवले. आजचा आरेखक याच पायावर काम करतो.

पेटीचा इतिहासही वादाचा आहे. बेल प्रयोगशाळेतील अ‍ॅल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये छिद्रयुक्त पेटीच्या पेटंटासाठी अर्ज केला. ते १९३२ मध्ये मंजूर झाले. शंकूच्या मागच्या बाजूचा ध्वनी वाया न घालवता नळीतून बाहेर काढायचा, ही त्यामागची कल्पना. याउलट एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये पूर्ण बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. हॅरी ऑल्सन व जे. प्रेस्टन यांचे १९४९ चे पेटंट या कल्पनेच्या जवळ जाणारे असल्याने व्हिलचर यांचा पेटंटाचा दावा पुढे टिकला नाही. कल्पनेचे प्राधान्य ऑल्सन यांना दिले, तरी ती घराघरांत व्हिलचर यांच्यामुळे पोहोचली, याबद्दल फारसा मतभेद नाही.

दोन्ही प्रकारच्या पेट्या गणिताच्या चौकटीत बसवण्याचे काम ऑस्ट्रेलियात झाले. नेव्हिल थील यांचा निबंध १९६१ मध्ये तेथे प्रसिद्ध झाला, पण त्याकडे जगाचे लक्ष १९७१ मधील पुनर्मुद्रणानंतर गेले. रिचर्ड स्मॉल यांनी १९७०–८० च्या दशकाच्या आरंभी तो विचार पुढे नेला. थील–स्मॉल प्राचलांवरून (स्पीकरचे गुणधर्म सांगणाऱ्या ठरावीक आकड्यांवरून) पेटीचे आकारमान व नळीची लांबी आधीच काढता येते. बंद पेटीत अनुस्पंदनाच्या खाली ध्वनी दर सप्तकाला (म्हणजे कंप्रता निम्मी होताना) १२ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक) घटतो, छिद्रयुक्त पेटीत २४ डेसिबलने. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्याही दोन मिळतात. हा दंडक जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो आणि छोट्या स्पीकरच्या कोणत्याही जाहिरातीला तो लावून पाहण्याजोगा आहे.

सबवूफरच्या जन्माबद्दल मते अधिकच विखुरलेली आहेत. स्टिरिओच्या प्रारंभी, सु. १९६० च्या आसपास, दोन छोटे स्पीकर व दोघांत मिळून एकच खर्जपेटी अशा रचना विक्रीस होत्या. रेमन डोन्स यांना १९६४ मध्ये मिळालेले पेटंट सबवूफरचे पहिले पेटंट म्हणून वारंवार सांगितले जाते. दुसरा पक्ष अमेरिकेत १९६०–७० च्या दशकाअखेरीस आलेल्या, शंकूची हालचाल मोजून ती सुधारणाऱ्या मोठ्या खर्जपेट्यांना मान देतो. तिसरा मिलर व क्रायझेल यांच्या १९७३ च्या सुमाराच्या कामाला. चित्रपटगृहांत १९७४ मध्ये आलेल्या सेन्सराउंड पद्धतीमुळे अतिखर्ज हा स्वतंत्र अनुभव म्हणून लोकांच्या परिचयाचा झाला. केवळ वेगळी पेटी ही व्याख्या धरली तर डोन्स यांच्याही आधी जावे लागते. मुख्य स्पीकरच्या पट्ट्याखाली जाऊन त्याचे ओझे हलके करणारी स्वयंशक्तिचालित पेटी ही व्याख्या धरली, तर १९७०–८० चे दशक अधिक पटते. आजच्या वापराला दुसरी व्याख्या जवळची आहे.

खोलीचे कार्य : समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनितरंग मागेपुढे जाऊन स्थिर तरंग निर्माण होतात. त्यांतील पहिल्याची कंप्रता ध्वनिवेगाला भिंतींतील अंतराच्या दुपटीने भागून मिळते. ५ मी. लांब, ४ मी. रुंद व ३ मी. उंच खोलीत ती अनुक्रमे सु. ३४, ४३ व ५७ हर्ट्‌झ येते. डबल बासची सर्वांत खालची तार सु. ४१ हर्ट्‌झची असल्याने तिचा सूर ४३ च्या अनुस्पंदनाजवळ सापडतो आणि शेजारच्या सुरांपेक्षा फुगून ऐकू येतो. डग्ग्यावर घिस्सा काढताना सूर सलग चढत असतो. खराब मांडणीच्या खोलीत त्या चढात एखाद्या ठिकाणी अकारण घुमारा येतो, तर एखाद्या ठिकाणी सूर गळून पडल्यासारखा वाटतो. दोष वादकाचा नसतो, ध्वनिमुद्रणाचाही नसतो.

स्थिर तरंगांची गर्दी किती कंप्रतेच्या वर इतकी दाट होते की एकेक वेगळा ओळखू येऊ नये, याचे सूत्र मान्फ्रेट श्रोडर यांनी दिले. निनादकाल (ध्वनी थांबल्यावर तो खोलीत विरायला लागणारा वेळ, सेकंदांत) भागिले घनफळ (घनमीटर) यांच्या वर्गमुळाला २,००० ने गुणावे. त्यांनी १९५४ मध्ये सुचवलेला गुणक ४,००० होता. १९६२ मध्ये तो निम्मा करण्यात आला. जुन्या पुस्तकांत दुप्पट आकडे आढळतात ते यामुळे. वर दिलेल्या ६० घनमीटरच्या खोलीत निनादकाल अर्धा सेकंद धरल्यास सीमा सु. १८० हर्ट्‌झ येते. हे सूत्र मोठ्या सभागृहांच्या संदर्भातून आले आहे. लहान खोलीत त्याला काटेकोर रेषा न मानता संक्रमणाचा पट्टा मानावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या पट्ट्याच्या वर स्पीकरचे गुणदोष ऐकू येतात, खाली खोलीचे.

स्पीकरची निवड : कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून घेतलेल्या श्रवणचाचण्यांचे निष्कर्ष १९८५–८६ मध्ये प्रसिद्ध झाले. समोरच्या दिशेला सपाट आणि बाजूंना सावकाश, एकसारखा उतरत जाणारा प्रतिसाद असलेले स्पीकर श्रोत्यांनी सातत्याने पसंत केले. शॉन ऑलिव्ह यांच्या पुढील कामानेही त्याला पुष्टी दिली. ब्रँड, किंमत व आकार डोळ्यांसमोर असले की निर्णय बदलतो, हेही अशाच चाचण्यांतून दिसले. म्हणून खरेदीपूर्वी निरनिराळ्या कोनांतून घेतलेली मापने पाहावीत. केवळ समोरून काढलेला एकच आलेख पुरेसा नाही.

संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक विद्युत्‌दाबाला स्पीकर किती आवाज देतो त्याचा, आकडा वाचताना सावध राहावे. तो बहुधा २.८३ व्होल्ट विद्युत्‌दाबाला १ मी. अंतरावर दिलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये हा दाब म्हणजे १ वॅट, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २ वॅट. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने उजवा दिसतो.

अ‍ॅम्प्लिफायर : किती वॅट लागतात हे साध्या हिशेबाने कळते. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या ८ ओहमच्या दोन स्पीकरांना प्रत्येकी १ वॅट दिला, तर ३ मी. अंतरावर, खोलीची भर धरून, सु. ८३ डेसिबल मिळतात. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकणाऱ्याला संगीतातील उसळीसाठी आणखी २० डेसिबलची मोकळीक हवी, म्हणजे ९५. दर १० डेसिबलला दसपट शक्ती लागत असल्याने ८३ ते ९५ हे १२ डेसिबल सु. १६ वॅटमध्ये भागतात. त्याच श्रोत्याने सरासरी ८५ धरली, तर मात्र १६० वॅट लागतील. जाहिरातींतील फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने १९७४ मध्ये मोजणीचे नियम केले. सातत्याने मिळणारी शक्ती व क्षणिक शिखर यांतील फरक तेव्हापासून ठळक झाला.

मर्यादेत चालणारे सुरचित अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांपासून कानाने ओळखता येतात का, हा जुना वाद आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या दुहेरी अंध चाचणीसारख्या (कोणते उपकरण चालू आहे हे श्रोता व चाचणी घेणारा दोघांनाही ठाऊक नसते अशा) पद्धतींनी, पातळी काटेकोर समान ठेवली असता, फरक बहुधा विरून जातो. आमचाही कल त्याच बाजूला आहे. अपवाद निर्गम रोध (स्पीकरकडच्या बाजूचा अंतर्गत विद्युत्‌रोध) जास्त असलेल्या नलिका-अ‍ॅम्प्लिफायरचा : स्पीकरचा रोध कंप्रतेनुसार बदलतो आणि त्यासोबत ध्वनीचा पोतही बदलतो. पुरेशा जाडीच्या तांब्याच्या तारेखेरीज तारांबाबत वेगळे सांगण्यासारखे नाही.

जुळणी : दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण, म्हणजे श्रोत्यापाशी ६० अंशांचा कोन, ही नेहमीची सुरुवात. स्पीकर मागच्या भिंतीपासून १ मी. असेल, तर परतणारा तरंग सु. ८६ हर्ट्‌झला उलट्या कलेत (एकाचा चढ तेव्हा दुसऱ्याचा उतार अशा स्थितीत) येऊन मूळ ध्वनी खातो. अंतर बदलले की ही खाच सरकते. स्वरनियंत्रकाने (निरनिराळ्या कंप्रतांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ती भरून निघत नाही. श्रोत्याची जागा खोलीच्या ऐन मध्यावर नसावी, कारण तेथे पहिल्या स्थिर तरंगाचा दाब शून्याजवळ असतो.

सबवूफरची जागा शोधण्याची जुनी युक्ती आजही उत्तम आहे. सबवूफर श्रोत्याच्या आसनावर ठेवावा, खर्जाचा परिचित तुकडा लावावा आणि भिंतीकडेने कान जमिनीजवळ ठेवून रांगत फिरावे. जेथे सर्व सूर एकसारखे ऐकू येतील तेथे सबवूफर मांडावा. स्रोत व कान यांची अदलाबदल केली तरी मार्ग तोच राहतो, हे त्यामागचे तत्त्व. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी अनेक मांडण्या तपासल्या. चार भिंतींच्या मध्यांवर चार सबवूफर ठेवल्यास आसनाआसनांतील फरक सर्वांत कमी होतो. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यांवर दोन ठेवल्यास जवळपास तेवढाच लाभ होतो. एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम बरे, हा निष्कर्ष व्यवहारात फार मोलाचा आहे.

विभाजनाची कंप्रता, म्हणजे जिच्या खालचा ध्वनी सबवूफरला व वरचा मुख्य स्पीकरला जातो ती, ८० हर्ट्‌झ ठेवण्याची प्रथा आहे, कारण त्याखालच्या ध्वनीची दिशा कानाला सहसा लागत नाही. झिगफ्रीड लिंकविट्झ व रस रायली यांच्या १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत दोन्ही बाजू सप्तकाला २४ डेसिबलने उतरतात, विभाजनबिंदूवर प्रत्येकी ६ डेसिबल खाली असतात आणि त्यांची बेरीज सपाट येते. ८० हर्ट्‌झपाशी आपोआप उतरणाऱ्या बंद पेटीच्या १२ डेसिबलमध्ये अ‍ॅम्प्लिफायरची १२ डेसिबलची गाळणी मिळवली की हाच उतार तयार होतो. छिद्रयुक्त स्पीकरमध्ये हा हिशेब बसत नाही. तेथे विभाजन छिद्राच्या कंप्रतेपासून बरेच वर न्यावे लागते.

कला जुळवण्यासाठी ८० हर्ट्‌झचा सलग सूर लावून सबवूफरची ध्रुवता (धन-ऋण जोडणी) उलटी करावी. मग आसनावर आवाज किमान होईपर्यंत कलेचे बटण किंवा अंतराचा आकडा फिरवावा आणि ध्रुवता पूर्ववत करावी. कमाल बिंदू कानाला पसरट लागतो, किमान बिंदू नेमका सापडतो. अंकीय प्रक्रिया करणाऱ्या सबवूफरमध्ये ५ मिलिसेकंदांचा विलंब असेल, तर तो सु. १.७ मी. अधिक अंतराएवढा होतो. म्हणून टेपने मोजलेल्या अंतराशी आकडा न जुळल्यास घाबरू नये.

स्वरनियंत्रकाने उंचवटे कापावेत, खाचा भरू नयेत. १० डेसिबलची खाच भरण्यात दसपट शक्ती खर्च होते आणि उलट कलेतला परतीचा तरंगही तेवढाच वाढत असल्याने खाच तशीच राहते. स्वरनियंत्रणाच्या स्वयंचलित दुरुस्तीची मर्यादा संक्रमणाच्या पट्ट्यापर्यंतच ठेवणे इष्ट. त्यावर ती चांगल्या स्पीकरलाही बिघडवू शकते. हार्वी फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे हळू आवाजात कानाला खर्ज कमी लागतो. त्यामुळे रात्री हलक्या आवाजात ऐकणाऱ्याने सबवूफरची पातळी थोडी वाढवून वेगळी नोंदवून ठेवावी आणि मोठ्याने ऐकताना पुन्हा खाली आणावी.