कपाटामागचा लाल ठिपका

परवा घरातलं इंटरनेट गेलं. राउटरवर लाल दिवा लुकलुकत होता. दुरुस्तीला आलेल्या मुलाने वायर काढून तिच्या टोकाला पेनाएवढी लेझर टॉर्च लावली आणि खोलीतला दिवा घालवला. साफसफाईनंतर आम्ही कपाट भिंतीला सरकवलं होतं; नेमकं तिथेच पिवळ्या वेष्टणातून लाल ठिपका चमकत होता. "इथे लाइट गळतोय," तो म्हणाला.

ही वायर म्हणजे ऑप्टिकल फायबर; तिच्यातून इंटरनेटचा सिग्नल प्रकाशाच्या रूपात येतो. त्या वेष्टणात १२५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा, म्हणजे केसाएवढा काचेचा तंतू असतो आणि त्याच्या मधोमध जेमतेम ९ मायक्रॉनचा गाभा. प्रकाश कोंडायला आरसा नाही. बाहेरच्या काचेचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात किती मंदावतो त्याचं माप) गाभ्यापेक्षा किंचित कमी, तोही अर्ध्या टक्क्याच्या आतच. तेवढ्यावर सगळं चालतं. तंतूच्या लांबीशी साधारण ५ अंशांच्या आत तिरपा असलेला किरण या दोन काचांच्या सीमेवरून पूर्णच्या पूर्ण परततो. आरसा दर वेळी थोडा प्रकाश खातो, ही सीमा खात नाही. पण तंतू मुरगळला, की किरण सीमेवर जास्त उभा आदळतो आणि निसटतो. (किरण आपटत जातो हे चित्र तसं बाळबोध. इतक्या बारीक गाभ्यात प्रकाश लाटेसारखा वागतो आणि त्याचा काही भाग बाहेरच्या काचेतूनच वाहतो.)

सरळ तंतूतही प्रकाश विझतोच, आणि खरी लढाई तिथे झाली. खिडकीच्या काचेची कड पाहा, हिरवट दिसते. ती काचेतल्या लोहाची करामत. १९६० च्या दशकातल्या चांगल्या काचेतही २० मीटरमध्ये शंभरातला एखादाच भाग उरायचा. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी दूरसंचाराचं काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीने ती मर्यादा ओलांडली. काओंना २००९ चं नोबेल मिळालं. आजच्या तंतूत १५ किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. जो जातो तो मुख्यतः विखुरण्यामुळे, ज्या कारणाने आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. लांब लहरी कमी विखुरतात, म्हणून सिग्नलला लाल रंगाहूनही लांब लहरींचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश वापरतात.

मुरगळलेल्या जागी मात्र हिशेब उलटा. तिथे लांब लहरीच जास्त निसटतात. कपाटामागचा लाल ठिपका नुसत्या टॉर्चचा होता. खरा सिग्नल त्याच वळणावर याहून जास्त प्रमाणात गळत होता, फक्त डोळ्यांना दिसत नव्हता.