फरक महत्त्वाचा, फायदा नंतर

माणसं गटागटांनी का भांडतात, याचं उत्तर बराच काळ सरळ होतं: एकाला मिळालं की दुसऱ्याचं जातं, म्हणून. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन तट पाडले आणि त्यांच्यात स्पर्धा लावली. बघता बघता शिवीगाळ सुरू झाली, झेंडे जाळले गेले. पाण्याची टाकी बंद पडल्यासारख्या अडचणी मुद्दाम उभ्या करून दोघांना एकत्र राबवलं, तेव्हा कुठे तेढ ओसरली.

पण भांडायला काहीच नसेल तर? मानसशास्त्रज्ञ हेन्री ताज्फेल यांनी हा प्रश्न उचलला. १९१९ मध्ये पोलंडमधल्या ज्यू घरात जन्मलेले ताज्फेल फ्रेंच सैन्यात असताना १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत सापडले. ज्यू असल्याचं त्यांनी लपवलं नाही, पोलिश असल्याचं लपवलं. फ्रेंच युद्धकैदी म्हणून ते वाचले. परतल्यावर घरचं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं.

१९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांना सांगितलं गेलं की, तुम्हाला क्ले किंवा कँडिन्स्की या चित्रकाराचं काम जास्त आवडतं, त्यावरून तुमचे गट केलेत. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. मग प्रत्येकाने इतर दोघांना पैशांत बदलता येणारे गुण वाटायचे होते. समोरच्याचा फक्त क्रमांक आणि गट ठाऊक, स्वतःला काही मिळणार नाही. तरीही झुकतं माप आपल्या गटाला. खरी गंमत पुढे आहे. आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त हवं, अशी निवड अनेकांनी केली. शेरीफ यांच्या हिशेबात ही निवड बसत नाही.

त्यावरून ताज्फेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये सामाजिक ओळखीचा सिद्धांत मांडला. आपला गट उजवा ठरला की आपणही उजवे वाटतो. कमी लेखलेल्या गटातला माणूस जमल्यास गट सोडतो, नाहीतर हिणवलेली गोष्टच अभिमानाने मिरवतो किंवा उतरंडीलाच आव्हान देतो. मला सिद्धांताचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, पण चर्चा बहुधा गुणवाटपापाशीच थांबते.

त्या गुणवाटपालाही पुढे मर्यादा दिसल्या. १९९०च्या दशकात आमेली मुम्मेंडाय आणि सहकाऱ्यांनी बक्षिसाऐवजी त्रासदायक गोष्टी वाटायला दिल्या, तेव्हा हा पक्षपात बराचसा नाहीसा झाला.